सहकारी होस्टिंगमधील सर्व्हर स्थलांतर

सर्व्हर स्थलांतर म्हणजे एका सर्व्हरवर चालणारी संकेतस्थळे, डेटाबेस, ईमेल खाती आणि त्यांना लागणाऱ्या आज्ञावल्या दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याची नियोजित प्रक्रिया होय. सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या होस्टिंग व्यवस्थेत एकाच यंत्रावर अनेक सभासद संस्था अवलंबून असतात. त्यामुळे तेथील स्थलांतर हे तांत्रिक काम असते, तसाच तो सामूहिक निर्णयही असतो. जुन्या यंत्रावर नेमके काय काय अवलंबून आहे याची पूर्ण यादी करणे, नवी प्रत जुन्या प्रतीशी ताडून पाहणे आणि गरज पडल्यास मागे फिरता येईल असा मार्ग शेवटपर्यंत मोकळा ठेवणे, ही अशा नियोजनाची तीन मुख्य अंगे मानली जातात. फायलींची नक्कल करणे हा त्यातील तुलनेने सोपा भाग असतो.

महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने सहकारी बँका, पतसंस्था आणि विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांच्या संगणकीकरणातून पुढे आला. खानदेशातील जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत शेतीकर्ज, ठेवी व सभासदत्वाच्या नोंदींचा मोठा भाग सहकारी संस्थांकडे असल्याने नोंदींचे स्थलांतर तेथे सामान्य शेतकरी आणि ठेवीदार यांच्या हिताशी थेट जोडलेले आहे.

## संज्ञा आणि प्रकार

स्थलांतराचे स्थूलमानाने चार प्रकार केले जातात. यंत्रांतर म्हणजे जुने यंत्र बदलून त्याच जागी नवे बसवणे. स्थानांतर म्हणजे कार्यालयातील यंत्रावरून डेटा सेंटरमध्ये किंवा एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात जाणे. प्रणाली-बदल म्हणजे संचालन प्रणाली, डेटाबेस किंवा मूळ आज्ञावलीच बदलणे. पत्ता-बदल म्हणजे संकेतस्थळाचे डोमेन नाव बदलणे. प्रत्यक्षात दोन किंवा तीन प्रकार एकाच वेळी केले जातात आणि बिघाडाचे कारण शोधणे त्यामुळे कठीण होते. एका वेळी एकच बदल करावा, असा संकेत या क्षेत्रात रूढ आहे.

नावातील बदलासोबत पत्ता बदललाच पाहिजे असे नाही. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे नाव २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असे झाले, परंतु जुन्या आद्याक्षरांवर आधारलेले डोमेन नाव पुढेही वापरात राहिले. अशा वेळी जुने दुवे, प्रमाणपत्रांवर छापलेले पत्ते आणि ईमेल खाती अबाधित राहतात.

## सहकारी होस्टिंग

सहकारी होस्टिंगमध्ये सर्व्हरची मालकी वा त्याचा भाडेकरार सभासदांनी मिळून स्थापन केलेल्या संस्थेकडे असतो. 'एक सभासद, एक मत' हे सहकाराचे तत्त्व येथेही लागू होते. जर्मनीतील होस्टशेअरिंग आणि इंग्लंडच्या शेफील्ड शहरातील वेबआर्किटेक्ट्स या अशा संस्थांपैकी परिचित संस्था आहेत. फ्रान्समध्ये फ्रामासॉफ्ट या संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये 'शातों' नावाचे लहान सेवादात्यांचे जाळे उभे राहिले. त्यात सहकारी तसेच स्वयंसेवी संस्था सहभागी आहेत. सहकारी संस्थांसाठी 'डॉट कोऑप' हे स्वतंत्र उच्चस्तरीय डोमेनही उपलब्ध आहे.

भारतात याला समांतर अशी रचना सहकारी पतपुरवठ्याच्या क्षेत्रात दिसते. राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांसाठी राबवलेल्या कोअर बँकिंग प्रकल्पात दोनशेहून अधिक बँका सहभागी झाल्या. त्यात प्रत्येक बँकेने स्वतःचे डेटा सेंटर उभारण्याऐवजी सेवादात्याच्या सामाईक यंत्रणेवर आपले काम नेले. खर्च वाटून घेता येतो हा या रचनेचा लाभ आहे, तर एकाच ठिकाणचा बिघाड अनेकांना एकाच वेळी बाधतो हा तिचा धोका आहे.

## स्थलांतराची कारणे

यंत्राचे आयुष्य संपणे हे सर्वांत सामान्य कारण आहे. त्याखेरीज आज्ञावलीचा आधार संपल्याने स्थलांतर अटळ होते. सामाईक होस्टिंगमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या सेंटओएस या संचालन प्रणालीच्या आठव्या आवृत्तीचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी, तर सातव्या आवृत्तीचा ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर अनेक सेवादाते अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सकडे वळले. पीएचपी या संगणकीय भाषेच्या ५.६ आवृत्तीचा आधार २०१८ च्या अखेरीस संपला. जुन्या पद्धतीने डेटाबेसशी जोडलेली संकेतस्थळे सातव्या आवृत्तीवर चालत नसल्याने त्यांची फेररचना करावी लागली. २०१९ मध्ये सीपॅनल या नियंत्रण-आज्ञावलीची शुल्कआकारणी खात्यांच्या संख्येनुसार होऊ लागली. एका यंत्रावर शेकडो लहान खाती ठेवणाऱ्या सेवादात्यांचा खर्च त्यामुळे वाढला आणि त्यांपैकी काहींनी पर्यायी आज्ञावल्या स्वीकारल्या.

खानदेशात हवामान हेही विचारात घ्यावे लागणारे कारण आहे. जळगाव–भुसावळ परिसरात उन्हाळ्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी, अशी या क्षेत्रातील प्रचलित शिफारस आहे. कार्यालयातील एखाद्या खोलीत ठेवलेल्या यंत्राला वातानुकूलन आणि अखंड वीज या दोन्हींची गरज असते. दुपारी वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्र चालू राहते, मात्र वातानुकूलन बंद पडते. अशा स्थितीत यंत्र चालू असल्याचे दिसत असतानाच तापत राहते आणि चकत्यांचे (हार्ड डिस्कचे) आयुष्य कमी होते. मुंबई, नवी मुंबई व पुणे येथील डेटा सेंटरकडे जाण्यामागे हे एक व्यावहारिक कारण असते. मोठ्या आंतरराष्ट्रीय क्लाउड सेवादात्यांपैकी मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथून, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथून सेवा सुरू केली.

## नियोजन

### यादी

नियोजनाचा आरंभ यादीपासून होतो. यादीत प्रत्येक सभासद संस्थेची डोमेन नावे, ती कोणाच्या नावे व कोणत्या नोंदणीकाराकडे आहेत, त्यांची मुदत, डेटाबेस, ईमेल खाती, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे, सुरक्षा प्रमाणपत्रे आणि बाहेरच्या सेवांशी असलेल्या जोडण्या यांचा समावेश होतो. शेवटची बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. एसएमएस पाठवणारा सेवादाता किंवा पैसे स्वीकारणारी यंत्रणा पुष्कळदा विशिष्ट आयपी पत्त्यावरूनच विनंती स्वीकारते. नवा पत्ता आधी कळवला नसल्यास संकेतस्थळ व्यवस्थित दिसते, परंतु सभासदांना संदेश जाणे थांबते आणि ही बाब काही दिवसांनीच ध्यानात येते.

लहान संस्थांमध्ये डोमेन नाव संस्थेऐवजी एखाद्या माजी पदाधिकाऱ्याच्या किंवा संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवलेले असते. तसे असेल तर मालकी संस्थेच्या नावे करून घेणे हे स्थलांतराचे पहिले काम ठरते. कारण डोमेनवर ताबा नसताना पत्ता बदलता येत नाही.

### निर्णय आणि संमती

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेचे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतात, तर दैनंदिन कारभार संचालक मंडळ पाहते. सामाईक यंत्रावर असलेल्या प्रत्येक संस्थेने आपापल्या मंडळाचा ठराव करणे, सेवा बंद राहण्याचा कालावधी मान्य करणे आणि स्थलांतरानंतर तपासणी करून स्वीकृती देणाऱ्या व्यक्तीची नेमणूक करणे इष्ट मानले जाते. तंत्रज्ञाला सर्व्हर चालू असल्याचे कळते, परंतु एखाद्या सभासदाची थकबाकी बरोबर दिसते की नाही, हे संस्थेचा सचिव किंवा लेखापालच सांगू शकतो.

सभासद संस्थांमध्ये मतभेद असल्यास टप्प्याटप्प्याने स्थलांतर केले जाते. प्रथम होस्टिंग संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ, मग केवळ माहिती देणारी संकेतस्थळे आणि शेवटी व्यवहार नोंदवणाऱ्या यंत्रणा, असा क्रम ठेवला जातो. पहिल्या गटात आढळलेले दोष पुढच्या गटाच्या आधी दूर करता येतात.

### तारखेची निवड

व्यवहार सर्वांत कमी असलेला काळ निवडला जातो. सहकारी पतसंस्था व बँकांसाठी मार्चअखेर हा वसुलीचा आणि वार्षिक हिशेब मिटवण्याचा काळ असल्याने तो वर्ज्य समजला जातो. एप्रिलपासून खरीप पीककर्जाचे वाटप सुरू होते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागत असल्याने त्याआधीचे आठवडे अहवाल आणि लेखापरीक्षणाच्या कामात जातात. त्यानंतर दिवाळी येते आणि खानदेशात कापूस बाजारात येऊ लागतो. या सर्व बाबी वगळल्या की सोयीचा काळ वर्षात थोडाच उरतो. शनिवार–रविवारला जोडून येणारी सुटी अनेकदा निवडली जाते, मात्र त्या दिवशी बाहेरच्या सेवादात्यांचे साहाय्य मिळेल याची खात्री आधी करावी लागते.

### नक्कल आणि वेळेचे गणित

डेटा हलवण्यास लागणारा वेळ आधी मोजता येतो. एक टेराबाइट डेटा ५० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने पाठवल्यास सुमारे ४४ तास लागतात. प्रत्यक्षात जोडणीचा पूर्ण वेग सतत मिळत नसल्याने त्याहून अधिक अवधी धरला जातो. जळगावहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर आहे. त्यामुळे मोठा डेटा सांकेतिक रूपात कुलूपबंद करून डिस्कवर घेणे आणि माणसाकरवी पाठवणे हा जोडणीहून जलद पर्याय ठरू शकतो.

व्यवहारात नक्कल दोन टप्प्यांत होते. प्रथम सेवा चालू असतानाच संपूर्ण प्रत नेली जाते. त्यानंतर आरसिंकसारख्या साधनाने केवळ बदललेला भाग वारंवार अद्ययावत केला जातो. शेवटी सेवा थोडा वेळ थांबवून उरलेला फरक हलवला जातो. त्यामुळे प्रत्यक्ष बंद राहण्याचा कालावधी तासांवरून मिनिटांवर येतो. चालू डेटाबेसच्या फायलींची थेट नक्कल विसंगत ठरू शकते. म्हणून डेटाबेससाठी स्वतंत्र निर्यात किंवा प्रतिकृती-यंत्रणा वापरली जाते.

प्रत पूर्ण आली की नाही हे फायलींच्या चेकसमवरून ठरवतात. हिशेबी नोंदींसाठी त्याला दुसऱ्या तपासणीची जोड द्यावी लागते. ठरावीक क्षणी जुन्या यंत्रणेतील तेरीज आणि नव्या यंत्रणेतील तेरीज जुळली पाहिजे. सभासदांची संख्या, ठेवींची एकूण रक्कम, येणे कर्ज आणि येणे व्याज हे चार आकडे स्वतंत्रपणे ताडले जातात. एकूण रक्कम जुळूनही दोन खात्यांची अदलाबदल झालेली असू शकते, म्हणून काही खाती नमुन्यादाखल मूळ खतावणीशी पडताळली जातात.

### डोमेन नोंदी

संकेतस्थळाचे नाव कोणत्या आयपी पत्त्याकडे जाते याची नोंद डीएनएस यंत्रणेत असते. ही नोंद जगभरातील सर्व्हर ठरावीक काळ स्मरणात ठेवतात. त्या कालावधीला टीटीएल म्हणतात. टीटीएल ८६,४०० सेकंद म्हणजे एक दिवस असल्यास पत्ता बदलल्यानंतरही दिवसभर काही वापरकर्ते जुन्या यंत्राकडेच जात राहतात. त्या काळात दोन्ही यंत्रे नोंदी स्वीकारत असतील, तर निम्मे व्यवहार एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे अशी फाटाफूट होते. ती टाळण्यासाठी स्थलांतराच्या किमान एक दिवस आधी टीटीएल पाच मिनिटांवर आणला जातो. बदल होताच जुने यंत्र केवळ वाचनापुरते खुले ठेवले जाते किंवा येणाऱ्या विनंत्या नव्या यंत्राकडे वळवते. नामसर्व्हरही बदलणार असल्यास डीएनएससेकच्या कळा जुळवून घ्याव्या लागतात. त्या न जुळल्यास पडताळणी करणाऱ्या जाळ्यांवर डोमेन दिसेनासे होते.

### ईमेल

ईमेलचे स्थलांतर संकेतस्थळापेक्षा अधिक नाजूक असते. नव्या आयपी पत्त्याला पाठवणारा म्हणून पूर्वलौकिक नसतो. एकाच वेळी हजारो पत्रे पाठवल्यास ती नको असलेल्या टपालात जमा होतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी आवश्यक केल्या. स्थलांतरावेळी या नोंदींमध्ये नव्या पत्त्याचा समावेश करणे, उलट शोधाची नोंद योग्य करणे आणि पाठवणुकीचे प्रमाण हळूहळू वाढवणे अशी पद्धत आहे.

### परतीचा मार्ग

ठरलेल्या वेळेत तपासणी पूर्ण झाली नाही तर जुन्या यंत्रावर परतण्याची तरतूद आराखड्यात असावी लागते. परतण्याचा निर्णय कोणी घ्यायचा आणि कोणत्या वेळेपर्यंत घ्यायचा हे आधी लिहून ठेवले जाते. नव्या यंत्रावर पहिला व्यवहार नोंदला गेल्यानंतर परतणे अवघड होते, कारण तो व्यवहार जुन्या यंत्रावर नसतो. म्हणून प्रथम केवळ वाचनासाठी नवे यंत्र खुले करून तपासणी करणे आणि स्वीकृतीनंतरच नोंदी सुरू करणे सुरक्षित समजले जाते. जुने यंत्र किमान एक मासिक हिशेब पूर्ण होईपर्यंत जपले जाते.

सुरक्षित प्रतींसाठी तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी असा नियम रूढ आहे. जळगाव आणि धुळे ही शहरे एकाच महामार्गावर, तापी खोऱ्यात आहेत आणि त्यांच्यातील अंतर शंभर किलोमीटरहून कमी आहे. एक प्रत जळगावला व दुसरी धुळ्याला ठेवल्याने आगीसारख्या स्थानिक आपत्तीपासून संरक्षण मिळते. व्यापक पूर किंवा वीजसंकटासाठी तिसरी प्रत खानदेशाबाहेर ठेवणे आवश्यक ठरते. प्रत केवळ घेऊन भागत नाही, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी लागते.

## मराठी मजकुराशी संबंधित अडचणी

मराठी नोंदी असलेल्या डेटाबेसचे स्थलांतर करताना काही विशेष अडचणी येतात.

युनिकोडपूर्व टंक. श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींतील जुन्या टंकांत केलेल्या नोंदी डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हांच्या रूपात साठवलेल्या असतात. विशिष्ट टंक बसवलेल्या संगणकावरच त्या मराठीत दिसतात. नव्या सर्व्हरवर अशी नोंद जशीच्या तशी पोहोचली तरी ती वाचता येत नाही. टंकानुसार परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणावी लागते. जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी यांच्या क्रमात चुका राहत असल्याने सभासदांची नावे हाताने तपासावी लागतात.

संकेतनातील विसंगती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. जुना डेटाबेस लॅटिन संकेतनाचा असल्याचे नोंदलेले असून त्यात प्रत्यक्षात यूटीएफ-८ मजकूर भरलेला असेल, तर निर्यात करताना त्याचे पुन्हा एकदा रूपांतर होते आणि मराठीऐवजी स्वरचिन्हांकित रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसू लागते. हा दोष लगेच लक्षात आल्यास उलट रूपांतराने दुरुस्त होतो. त्या मजकुरावर नव्या नोंदींची भर पडल्यानंतर मात्र दुरुस्ती किचकट होते.

मोडी लिपी. मोडी लिपीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ मधील सातव्या आवृत्तीत झाला आणि तिची चिन्हे यूटीएफ-८ मध्ये चार बाइट घेतात. मायएसक्यूएलचे जुने 'यूटीएफ-८' संकेतन तीन बाइटपर्यंतच मर्यादित असल्याने त्यात मोडी मजकूर व भावचिन्हे बसत नाहीत. त्यासाठी 'एमबी-४' हे विस्तारित संकेतन वापरावे लागते. जुन्या मांडणीत या संकेतनामुळे अनुक्रमित स्तंभाची लांबी १९१ अक्षरांपुरती मर्यादित होते. लांब मराठी नावे असलेल्या सारण्यांत ही बाब आधी तपासली जाते.

अदृश्य चिन्हे. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांसारख्या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. त्यांपैकी एका प्रकारात अदृश्य जोडचिन्ह वापरलेले असते. मजकूर 'स्वच्छ' करणाऱ्या आज्ञावलीने ते काढून टाकल्यास 'दऱ्या'चे 'दर्या' होते. दोन प्रकारे लिहिलेले एकच आडनाव शोधात वेगवेगळे धरले जाते.

वर्णक्रम. मराठी वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ हे हनंतर येतात, तर युनिकोडच्या क्रमात ळ हा ल नंतर आहे. क्रम लावण्याचे नियम बदलल्यास सभासद यादीचा क्रम बदलतो. २०१८ मध्ये लिनक्समधील जीलिबसी या मूलभूत संचाच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले. त्यामुळे जुन्या प्रणालीवरून डेटाबेसच्या फायली तशाच उचलून नव्या प्रणालीवर ठेवलेल्या पोस्टग्रेएसक्यूएलमधील मजकुराच्या अनुक्रमणिका विसंगत होण्याचा धोका निर्माण झाला. अशा वेळी नोंद अस्तित्वात असूनही शोधात सापडत नाही. स्थलांतरानंतर अनुक्रमणिका नव्याने बांधणे हा त्यावरचा उपाय आहे.

मराठी डोमेन. देवनागरीतील 'डॉट भारत' हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले. असे नाव सर्व्हरच्या रचनेत व सुरक्षा प्रमाणपत्रात सांकेतिक रोमन रूपात नोंदवावे लागते. हे रूप नव्या यंत्रावर नोंदवायचे राहून गेल्यास रोमन पत्ता चालतो आणि मराठी पत्ता बंद पडतो.

## खानदेशातील संदर्भ

ब्रिटिश काळात १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खानदेश पुढे जळगाव, तर पश्चिम खानदेश धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. महसुली विभाजन झाले तरी दोन्ही जिल्ह्यांसाठी धुळे आणि नंदुरबार जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही एकच बँक राहिली. जळगाव जिल्ह्यासाठी जळगाव जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कार्यरत आहे. त्यामुळे येथील जुन्या नोंदींत एकाच गावाचा जिल्हा कालखंडानुसार वेगवेगळा आढळू शकतो. गावाच्या नावावरून जिल्हा ठरवणाऱ्या स्वयंचलित नियमांना अशा नोंदी अपवाद ठरतात.

गावपातळीवरील विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, म्हणजे बोलीभाषेतील 'सोसायटी' किंवा 'विकासो', या त्रिस्तरीय पतरचनेचा पाया आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाचा २,५१६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. त्यात देशभरातील ६३,००० कार्यरत संस्थांना नाबार्डमार्फत एकाच सामाईक आज्ञावलीवर आणण्याचे उद्दिष्ट होते. हे स्थलांतर सर्व्हरवरून सर्व्हरवर होणारे नसून बहुतांशी रोजकीर्द आणि खतावणीच्या वह्यांवरून सर्व्हरवर होणारे आहे. गटसचिवाच्या हस्ताक्षरातील नोंदी, व्याजाच्या वेगवेगळ्या सवलती आणि जुनी थकबाकी यांचा आरंभीचा आकडा एकदा चुकीचा भरला गेला, की पुढील प्रत्येक हिशेबात ती चूक वाहत जाते. त्यामुळे वही आणि संगणक काही काळ समांतर चालवणे आणि दोन्हींची तेरीज जुळल्यावरच वही बंद करणे, ही पद्धत येथेही महत्त्वाची ठरते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जळगाव जिल्ह्यातील अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदारांना आपल्या रकमांसाठी दीर्घकाळ दावे मांडावे लागले. संस्था बंद पडल्यावर ठेवीदाराच्या हाती पावती आणि संस्थेकडील नोंद एवढेच पुरावे उरतात. सामाईक सर्व्हरचे शुल्क थकल्याने खाते बंद होऊन नोंदी नष्ट होऊ नयेत, यासाठी होस्टिंगच्या करारात नोंदी किती काळ जपायच्या आणि अवसायकाला (संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) त्या कशा मिळतील याचा उल्लेख असणे आवश्यक ठरते.

### 'बँक डॉट इन'कडे स्थलांतर

भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी 'बँक डॉट इन' या राखीव डोमेनची घोषणा केली. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकान्वये बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते या डोमेनखाली आणण्यास सांगण्यात आले. हे परिपत्रक व्यापारी बँकांबरोबर नागरी सहकारी बँका, राज्य सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यांनाही लागू होते. त्यामुळे जळगाव व धुळे जिल्ह्यांतील सहकारी बँकाही त्याच्या कक्षेत आल्या. नोंदणीचे काम हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेकडे सोपवण्यात आले. बनावट संकेतस्थळांद्वारे होणारी फसवणूक रोखणे हा यामागील हेतू होता.

पत्ता बदलल्यावर जुने डोमेन सोडून देणे धोक्याचे असते. मुदत संपलेले डोमेन कोणालाही विकत घेता येते. ते घेणाऱ्याला बँकेच्या जुन्या नावाने बनावट पान उभारता येते आणि जुन्या पत्त्यावर येणारी ग्राहकांची ईमेलही मिळू शकते. खातेपुस्तिका, धनादेशपुस्तिका व फलकांवर छापलेला जुना पत्ता अनेक वर्षे लोकांच्या हाती राहतो. म्हणून जुने डोमेन दीर्घकाळ नूतनीकृत ठेवून नव्या पत्त्याकडे वळवणे हा स्थलांतराचाच भाग मानला जातो.

## कायदेशीर बाजू

रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या निर्देशानुसार देयक व्यवहारांचा डेटा भारतातच साठवणे बंधनकारक आहे. त्यामुळे संबंधित संस्थांना परदेशातील स्वस्त सर्व्हर निवडता येत नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदवह्या १८० दिवस जपाव्या लागतात. जुना सर्व्हर बंद करताना या नोंदवह्याही नव्या ठिकाणी नेल्या पाहिजेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार सभासदांच्या वैयक्तिक माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी तिचा वापर ठरवणाऱ्या संस्थेवर असते. होस्टिंगचे काम दुसऱ्याकडे दिल्याने ती संपत नाही. जुन्या डिस्क विकण्यापूर्वी किंवा भंगारात काढण्यापूर्वी त्यांवरील माहिती परत मिळवता येणार नाही अशा रीतीने पुसणे त्यामुळे आवश्यक ठरते.

## उल्लेखनीय घटना

* विकिमीडिया (२०१३). जानेवारी २०१३ मध्ये मराठी विकिपीडियासह सर्व विकिमीडिया प्रकल्पांचे मुख्य काम अमेरिकेतील टँपा येथून ॲशबर्न येथील डेटा सेंटरकडे हलवण्यात आले. २०१६ पासून ॲशबर्न आणि टेक्सासमधील दुसरे डेटा सेंटर यांच्यात नियोजित अदलाबदलीचा सराव केला जातो. त्या वेळी लेख वाचता येतात, संपादन मात्र काही मिनिटे बंद राहते.
* गिटलॅब (२०१७). ३१ जानेवारी २०१७ रोजी मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. सुरक्षित प्रतींच्या अनेक व्यवस्था असूनही त्यांपैकी बहुतेक चालू नसल्याचे तेव्हा आढळले आणि सुमारे सहा तासांचा डेटा गमावला गेला.
* टीएसबी बँक (२०१८). ब्रिटनमधील या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एकाच आठवडाअखेरीस आपल्या सर्व ग्राहकांच्या नोंदी नव्या यंत्रणेवर नेल्या. त्यानंतर सुमारे १९ लाख ग्राहकांना खाती वापरता आली नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला.
* मायस्पेस (२०१९). सर्व्हर स्थलांतरात जुन्या ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा नष्ट झाल्याचे मार्च २०१९ मध्ये उघड झाले. पाच कोटींहून अधिक गाणी गमावली गेल्याचे सांगितले जाते.
* ओव्हीएच (२०२१). १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण नष्ट झाली. सुरक्षित प्रत त्याच आवारात ठेवलेल्या ग्राहकांचा डेटा कायमचा गेला.
* सी-एज (२०२४). जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना सामाईक तांत्रिक सेवा देणाऱ्या या कंपनीवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने तिची जोडणी तात्पुरती तोडल्याने सुमारे ३०० लहान बँकांचे देयक व्यवहार थांबले. जोडणी १ ऑगस्ट रोजी पूर्ववत झाली.

## हेही पाहा

* सहकारी बँक
* डोमेन नाव प्रणाली
* युनिकोड
* विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था
* खानदेश